फौजदारची फळी

आमच्या फौजदारचं वजन साडेतीन किलो, आणि त्यातला अर्धा किलो नुसता केसांचा. पांढराशुभ्र पॉमेरियन. पाय असे आखूड की पायरी चढायच्या आधी त्याला विचार करावा लागतो. पण मूर्ती लहान, कीर्ती महान. दाराची बेल वाजली की हा सोफ्यावरून उडी मारतो, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो आणि दाराशी जाऊन असा भुंकतो, की दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून सायकल हाणतो. माझ्या नवऱ्याने, महारुद्रने, त्याचं नाव फौजदार ठेवलं ते त्यामुळेच.

परभणीत महारुद्रचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तो सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. मी घरी शिकवण्या घेते. मुलं येईपर्यंत दुपारभर घरात मी आणि फौजदार. मी बोलते, तो कान टवकारून ऐकतो. नवऱ्याकडून ही अपेक्षा मी कधीच सोडली आहे. त्यामुळे सरळ सांगते, मला त्या कुत्र्याचा लळा आहे. कोण काय म्हणतं याची मला पर्वा नाही.

म्हणजे एका व्यक्तीची सोडून. माझ्या सासूबाई, धुरपताबाई. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या बोरीला शेतावरचं सगळं बघतात, आणि त्यांनी एकदा शब्द काढला की बैलसुद्धा मान हलवतात.

झालं असं, की माझ्या नणंदेला, भक्तीला बघायला देवगाव फाट्याकडची मंडळी आमच्या परभणीच्या घरी आली. मुलगा राम, एकदम शांत. त्याचे वडील मुंजाजीमामा कडक इस्त्रीचं धोतर नेसून आलेले. फौजदारने आयुष्यात धोतर पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं असावं, की हा माणूस पडदा गुंडाळून चोरी करायला आला आहे. त्याने मागून जाऊन सोगा धरला आणि मागे ओढत नेला. धोतर सुटलं नाही, पण सुटता सुटता राहिलं. मामा बिचारे दोन्ही हातांनी कंबर धरून म्हणाले, "पोरगी पसंत हाय, पण पहारेकरी लयच कडक हाय बुवा!" सगळे हसले. सोयरीक जमली. फक्त आत्याबाई हसल्या नाहीत.

साखरपुडाही आमच्याच घरी ठरला. बोरीला परत जाताना त्यांनी पिकअपच्या दारातून बोट दाखवलं. "निकिता, सोयऱ्यासमोर एकदा फजिती झाली, झाली. साखरपुड्याला ते कुत्रं नुस्तं भुंकलं तरी त्याला ह्याच गाडीत घालून आखाड्यावर धाडते."

आमचा आखाडा म्हणजे शेतातला गोठा. तिथं वासराएवढी दोन कुत्री आहेत आणि पिकात रानडुकरं येतात. आमचा फौजदार पावसात बाहेर पाय ठेवत नाही. मी त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखाना गाठला.

चंद्रभान डॉक्टर म्हशींचे डॉक्टर. कुत्र्याला तपासतानाही ते आधी शिंगं आहेत का बघतात असं मला नेहमी वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, कुत्रं चाटायला लागलं की गप होतंय. म्हशीला आपण मिठाची चाटण-वीट टांगतो न्हाई का, तसंच. आता कुत्र्यासाठी खाचाखाचाचं रबरी पॅड निघालंय, लिक मॅट म्हणतेत त्याला. त्याच्यावर दही थापायचं अन् समोर ठिवायचं. पाहुणे येऊन जातेत, ह्याला पत्ता लागत न्हाई."

"कुठलंही चालतं का?"

"कुठलंही कसं चालंल? ह्याची जीभ केवढी, टिकलीएवढी! मोठ्या कुत्र्याचं आणलं तर खाचा खोल असतेत. दही राहतंय खाली, हे चिडतंय वर. उथळ खाचाचं बघा."

मी स्टेशन रोडवरच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदाराने आधी पायपुसणं दाखवलं, मग गाडीत पायाखाली टाकायचं रबर, मग टाचा घासायचा दगड. "अहो, दही लावायला पाहिजे," म्हटल्यावर त्याने रवी काढली. मी हात जोडले आणि घरी आले.

मग शिकवणीच्या मुलांना गणितं घालून दिली आणि मोबाइल उघडला. तिथं तर बाजार भरलेला. गोल, चौकोनी, माशाच्या आकाराचं, पंजाच्या ठशाचं. कुठे काटे, कुठे बोंडं, कुठे कप्पे. एकाच्या तळाला फरशीला चिकटायला वाट्या होत्या, एक भिंतीवर लावायचं होतं. मी तीन दिवस तेच बघत होते. महारुद्र म्हणाला, "एवढा विचार तर मी तुला पसंत करतानाही केला नव्हता."

"ते दिसतंच," मी म्हटलं.

शेवटी तीन मागवली. एक निळं गोल, वर बोंडं असलेलं. एक नारिंगी चौकोनी, पोळ्यासारख्या कप्प्यांचं. आणि एक हिरवं, त्यावर सरळ उथळ खाचा. हे हिरवं हाडाच्या आकाराचं होतं, पण कुत्र्याच्या वस्तूला दुसरा कोणता आकार असणार? माझा जीव त्या हिरव्यावरच होता. तरी म्हटलं तिन्ही पुढे ठेवू, फौजदारलाच निवडू दे.

पार्सल आलं त्या दिवशी मी भाजीला गेले होते, आणि त्याच दिवशी आत्याबाई भक्तीला घेऊन मुक्कामाला आल्या. सोबत पिठाचं गाठोडं. लग्न ठरलं की आमच्याकडे आधी वळवट. पीठ मळायचं, पाच सवाष्णींनी बसायचं, बोटांवर गव्हले, नखांनी नखुले, आणि खाचांच्या लाकडी फळीवर फणुले वळायचे. सगळं वाळवून ठेवायचं आणि साखरपुड्याला त्याची खीर. खीर बाजारच्या शेवयांची केली तर आत्याबाई ते लग्न मोडलं असंच धरतील.

बाजारातच दुपार करून मी भाजीची पिशवी घेऊन दारात आले तर बैठकीत सतरंजीवर शेजारच्या चौघी आणि आत्याबाई गोल करून बसलेल्या. गाणी चाललेली. मधोमध परात. आणि आत्याबाईंच्या मांडीपुढे पाटावर माझं हिरवं लिक मॅट! त्या पिठाची गोळी खाचांवर ठेवायच्या, अंगठ्याने अशी सर्रकन ओढायच्या, आणि रेघांचा नाजूक फणुला टपकन परातीत पडायचा. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हा.

"निकिता, ही रबरी फळी कुठून मागिवलीस गं? काय खाचा उठायल्यात! माझ्या लाकडी फळीच्या पार झिजून गेल्यात, काहीच उमटंना."

आता मी काय सांगणार? की तुम्ही मुलीच्या लग्नाचे फणुले कुत्र्याच्या जिभेच्या सामानावर वळताय, आणि ते हाड आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यासाठीच मागवली, आत्याबाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अस्सं?" म्हणाल्या. मग मॅट वर धरून शेजारणींना दाखवलं. "अन् आकार बगा की बायांनो, साक्षात महादेवाचा डमरू!"

चौघींनी डमरूला हात लावून कपाळाला लावला. मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात पळाले. तिथं ओट्यावर पार्सलचे पुठ्ठे पडले होते, आणि तिन्हींवर जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचा हा एवढा फोटो. चोराच्या मनात चांदणं! मी ते पाण्याच्या पिंपामागे कोंबले. वाटलं, गडबडीत बघितले नसतील.

निळं आणि नारिंगी मात्र मला परत मिळालं. मी निळ्यावर दही थापून फौजदारपुढे ठेवलं. त्याने हुंगलं, कड दातात धरली आणि उंदीर झटकावा तसं झटकलं. दही भिंतीवर, दही कॅलेंडरवर, दही महारुद्रच्या चष्म्यावर. "भीक नको पण कुत्रं आवर," महारुद्र चष्मा पुसत म्हणाला. मग नारिंगी. त्याची जीभ कप्प्यात पोचेना. तो दोनदा चाटायचा आणि चारदा भुंकायचा, दोनदा चाटायचा आणि चारदा भुंकायचा. पाहुण्यांशिवायच भुंकणं सुरू झालं. शेवटी त्याने रागाने नारिंगीचा एक कोपरा खाल्ला. डॉक्टर म्हणाले ते बरोबर होतं. त्याला हिरवंच पाहिजे होतं, आणि हिरवं आत्याबाईंच्या मांडीवर.

मी गोडीगुलाबीने सुरुवात केली. "आत्याबाई, तुम्ही निळी घ्या की. तिच्यावरची नक्षी जास्त छान आहे."

"निळीवर काढून बघितलं मी. देवी आल्यावाणी दिसायलंय. आपली डमरूच बरी."

नवीन हिरवं मागवायला गेले तर ते साखरपुडा उरकल्यावर येणार होतं. आत्याबाई दुपारी झोपल्यावर उचलावं म्हटलं, तर त्या ते उशाखाली घेऊन झोपायच्या. इकडे घरात नवीन माणूस म्हणून फौजदार त्यांच्यावरच भुंकत होता. त्या उठल्या की भुंकायचा, बसल्या की भुंकायचा, जपमाळ काढली की भुंकायचा. "गप रे मुडद्या," त्या म्हणायच्या, "आता थोडंच राह्यलंय तुझं." हे ऐकलं की मी फौजदारला उचलून आतल्या खोलीत न्यायचे.

साखरपुड्याच्या सकाळी शेतावरचा गडी बन्सीधर बोरीहून पिकअप घेऊन आला. मोठी भांडी, पाण्याचे जार, घरची मंडळी, सगळं उतरवलं. मी खिरीसाठी दूध तापत ठेवलं होतं आणि नारिंगी मॅटवर दह्याऐवजी लोणी लावून बघावं का, असा विचार करत होते. आत्याबाई आत आल्या. नवीन लुगडं, कपाळभर कुंकू.

"तू खिरीकडं बघ," त्या म्हणाल्या. "कुत्र्याचं मी बघते."

मी काही बोलायच्या आत त्या गेल्यासुद्धा. थोड्या वेळाने बाहेर पिकअप चालू झाल्याचा आवाज आला. मी पळत बैठकीत आले. फौजदारची चादर जागेवर नव्हती. खुंटीवर त्याचा पट्टा नव्हता. पिकअप गल्लीच्या टोकाला वळत होती.

"आत्याबाई, फौजदार कुठंय?"

"पाहुणे फाटकात हायेत, पदर घे," त्या म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या.

बेल वाजली. घरात एक भुंकणं नाही. त्या बेलनंतरची ती शांतता मला सहन होईना. एवढे दिवस मी ज्या गोष्टीसाठी धडपडत होते ती झाली होती, फौजदार भुंकला नव्हता, आणि मला हुंदका आवरत नव्हता. मी त्याला निरोपसुद्धा दिला नव्हता. आखाड्यावर तो कुणाकडे जाईल, कुठे झोपेल, हे मनात आलं की डोळे भरून यायचे.

मंडळी बसली. मुंजाजीमामा या वेळी चक्क पॅन्ट घालून आले होते. त्यांनी आधी सोफ्याखाली वाकून बघितलं, मग दारामागे, आणि मग सुटकेचा श्वास टाकून ते टेकले. रामची आत्या सुलाबाई आणि बहीण साक्षी भक्तीला ओवाळायला पुढे सरकल्या. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मी खिरीच्या वाट्या फिरवायला लागले. डोळ्यांतून धार चाललेली. सुलाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बगा बाई, नणंद जाणार म्हून भावजय रडायली. असा जीव आजकाल कुठं बघायला मिळतोय?"

भक्तीने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी कुणासाठी रडतेय ते तिला माहीत होतं.

खिरीची वाहवा झाली. मामांनी दुसरी वाटी मागितली. सुलाबाई म्हणाल्या, "फणुले काय रेखीव हायेत हो! हातावर काढले का फणीवर?" झालं! आत्याबाईंना हेच हवं होतं. त्या आतून ताटात हळदकुंकू लावलेलं हिरवं मॅट घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या मधे ठेवलं.

साक्षी पुण्याला नोकरी करते. तिने ते बघितलं आणि टाळी वाजवली. "अय्या, असंच आमच्या घरमालकिणीकडं हाय! ती ह्याच्यावर दही लावून तिच्या कुत्र्याला चाटायला देती."

सगळे चमचे जागच्या जागी थांबले. सुलाबाईंचा तोंडापर्यंत गेलेला चमचा तिथेच राहिला. मुंजाजीमामांनी आपल्या वाटीत खोल बघितलं. रामने भक्तीकडे बघितलं, भक्तीने माझ्याकडे, आणि मी सरळ जमिनीकडे. सोयरीक मोडायला लोकांना काय काय कारणं लागतात, आमची कुत्र्याच्या हाडावरून मोडणार होती.

आत्याबाई मात्र शांत होत्या. "व्हय, कुत्र्याचीच हाय," त्या म्हणाल्या. "पुठ्ठ्यावर ह्या एवढ्या जिभेचं कुत्रं छापलंय. मला वाचता येत न्हाई, पण दिसतंय तर की! कोरी हाय, अजून कुत्र्याची सावली पडली न्हाई तिच्यावर. दोनदा उकळून घेतली अन् मगच पिठाला लावली."

"आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलेच. "अहो, मग डमरू?"

"हाड म्हणलं असतं तर त्या बाया वळायला बसल्या असत्या का?"

पहिल्यांदा मुंजाजीमामाच फुटले. ते असे हसले की त्यांच्या वाटीतली खीर पॅन्टवर सांडली. मग राम, मग साक्षी, मग सुलाबाई. सुलाबाई चमचा तोंडात घालून म्हणाल्या, "कुत्र्याची तर कुत्र्याची, मला पण एक मागवून द्या बाई. माझ्या धाकट्याच्या लग्नाला लागंल." घर नुसतं गडगडत होतं. मी हसत होते आणि रडतही होते. मामांनी डोळे पुसले आणि इकडेतिकडे बघितलं.

"पण मग फौजदार साहेब कुठं हायेत?"

माझं हसू तिथेच थांबलं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या उठल्या, मागच्या दाराकडे गेल्या आणि कडी काढली. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीच्या सावलीत चादर अंथरलेली होती. चादरीवर फौजदार. पट्टा टाकीच्या नळाला बांधलेला. त्याच्या पुढच्या दोन पायांमधे एक जुनी, काळपट, गुळगुळीत लाकडी फळी होती, आणि तो डोळे अर्धे मिटून ती चाटत होता. नाकावर दही, मिशांवर दही. एवढी माणसं दारात आली तरी त्याने फक्त एक डोळा उघडला, मुंजाजीमामांची पॅन्ट बघितली, त्यात त्याला काही राम वाटला नाही, आणि तो पुन्हा चाटायला लागला.

"आई, ही तुझी वळवटाची फळी!" भक्ती म्हणाली. "आजीनं दिलेली!"

"मायनं दिली होती, माझ्या लग्नात," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्यावर मी तुमच्या सगळ्यांच्या बारशाचं, लग्नाचं वळलं. आता खाचा झिजल्या. पिठाला उपेग न्हाई. पण ह्याची जीभ बारकी, ह्याला तेवढ्याच पाहिजेत. त्याची मी घेतली, माझी त्याला दिली. उगं कुणाचं फुकट घेऊ नाई."

मला त्यांच्या पाया पडावं की गळ्यात पडावं कळेना. मी दोन्ही केलं. त्यांच्या नव्या लुगड्यावर माझं काजळ लागलं.

"मग बोरीला?" मी विचारलं.

"बोरीला कामून? तिकडं दही कोण लावून देणार त्याला? मी शेताचं बघू का ह्याचं? आता सोड, पाहुणे ताटकळायलेत."

संध्याकाळी बन्सीधरने पिकअप दाराशी लावली. सकाळी तो फुलं आणायला गेला होता, हे मला तेव्हा कळलं. भांडी चढली, जार चढले. आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या, हिरवं मॅट पदरात गुंडाळून मांडीवर. गाडी चालू झाली तसा फौजदार माझ्या हातातून सुटला आणि भुंकत भुंकत तिच्या मागे धावला. आखूड पाय, हवेत उडणारे केस, मिशीला अजून दही. दिवसभराचं साठलेलं त्याने त्या गल्लीत मोकळं केलं, आणि कुणीही त्याला गप म्हणालं नाही.

वळणावर आत्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"निकिता! फळी रोजच्या रोज घासत जा गं, न्हाईतर खाचात दही आंबतंय!"